चुना लावावा की लावू नये

फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या समुद्रकाठी कास्तियो दे सान मार्कोस नावाचा स्पॅनिश किल्ला आहे आणि त्याच्या तटावर बसायला सक्त मनाई आहे. किल्ला चढून गेले की तटावर बूड टेकून पाण्याची बाटली उघडणे हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, अशा समजुतीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा नियम आधी जाचक वाटला. मग भिंतीजवळ डोळे नेऊन पाहिले. तिथे दगड असा दिसतच नव्हता. करंगळीच्या नखाएवढे शिंपले, हजारोंनी, एकमेकांत रुतून बसलेले होते. आपण खातो त्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांचीच ही लांबची भावंडे म्हणायची.

या दगडाला कोकीना म्हणतात. समोरच्या अनास्तासिया बेटावरच्या खाणीतून तो कापून होड्यांनी आणीत. खाणीतून निघताना तो ओला आणि मऊ असतो, म्हणून आधी वाळवायचा, मग बांधकामाला वापरायचा. त्याला सांधणारा चुनासुद्धा कालवांचे शिंपले भट्टीत भाजूनच केलेला. आमच्या कोकणातही शिंपल्यांचा चुना भाजत असल्याने ही पद्धत वाचताना मला परकेपणा असा वाटलाच नाही.

हे गाव स्पॅनिशांनी 1565 साली वसवले. 1586 मध्ये फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्द्याने ते जाळले आणि 1668 मध्ये चाच्यांनी पुन्हा लुटले. तोवर एकामागून एक लाकडी किल्ले झाले होते. दमट हवेत ते कुजत. 1670 मध्ये उत्तरेला इंग्रजांनी चार्ल्स टाउन वसवले, तेव्हा कुठे माद्रिदच्या दरबाराला घाई सुचली. 1672 च्या ऑक्टोबरात इग्नासिओ दासा या स्थापत्यकाराच्या आराखड्यानुसार चार कोपऱ्यांना चार बुरुजांचा हा दगडी किल्ला बांधायला सुरुवात झाली आणि 1695 मध्ये तो पुरा झाला. त्यासाठी आसपासच्या ग्वाले, तिमुक्वा आणि अपालाची या मूळ रहिवासी जमातींच्या लोकांना किती राबवले, हे पाटीवरच्या दोन ओळींत उरकलेले असते.

शिंपल्यांचा हा भुसभुशीत दगड तोफेपुढे कितपत टिकेल, याची खात्री बांधणाऱ्यांनाही नसावी. 1702 मध्ये कॅरोलायना या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला, तेव्हा सुमारे 1500 माणसे जवळजवळ दोन महिने या तटाच्या आत राहिली. बाहेर त्याने सगळे गाव जाळले, पण किल्ला मिळाला नाही. 1740 मध्ये जॉर्जिया या इंग्रज वसाहतीच्या जेम्स ओगलथॉर्पने समोरच्या बेटावरून तोफा डागल्या. कडक दगड अशा वेळी तडकतो आणि त्याच्या कपच्या उडतात. हा पोकळ, सच्छिद्र दगड मात्र आत दबला आणि त्याने गोळा पोटात ठेवून घेतला. चीजमध्ये सुरी शिरावी तसा गोळा भिंतीत शिरतो, अशी तुलना त्या काळातल्या एका इंग्रजाने केली आहे.

पुढे किल्ल्याने मालक बदलले, पण लढून नव्हे. तहांमुळे तो 1763 मध्ये इंग्रजांकडे, 1784 मध्ये परत स्पेनकडे आणि 1821 मध्ये अमेरिकेकडे गेला. अमेरिकेने त्याचा तुरुंग केला. सेमिनोल या मूळ रहिवासी जमातीचा नेता ऑसिओला 1837 मध्ये इथे होता. 1875 पासून तीन वर्षे अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवासी जमातींचे कैदी होते, आणि त्यांनी हिशेबाच्या वह्यांत काढलेली रंगीत चित्रे आज मोलाची मानली जातात. 1825 ते 1942 पर्यंत या किल्ल्याला फोर्ट मॅरियन म्हणत. 1933 मध्ये तो राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आला.

ज्या मऊपणाने तोफा पचवल्या, त्याच मऊपणाला पाऊस, खारा वारा आणि आपल्यासारख्यांच्या पाठी पचत नाहीत. स्पॅनिशांना हे ठाऊक होते. त्यांनी तटाला पांढरा गिलावा केला होता आणि टेहळणीच्या बुरुजी लाल रंगवल्या होत्या. तो गिलावा झडल्यावर उरलेल्या करड्या, उघड्या भिंतीलाच आपण प्राचीन सौंदर्य म्हणू लागलो. डागडुजीत सिमेंट वापरावे, तर ते दगडाहून कडक. ओल आत कोंडते आणि शेजारचा शिंपला झिजतो, म्हणून चुनाच हवा. मग सगळ्या तटालाच पुन्हा गिलावा का करू नये? आपल्याकडे चुना लावणे म्हणजे फसवणे. इथे मात्र न लावण्यातच किल्ल्याची फसवणूक आहे, असे मला वाटते. बाहेरून तरी लावावा. आतल्या खोल्यांत जुन्या गिलाव्यावर कुणीकुणी गलबते कोरली आहेत, तिथे हात लावू नये.

तटापासून चार बोटे अंतर ठेवून मी सबंध फेरी पुरी केली. संध्याकाळी मुक्कामी येऊन बूट झटकले, तर फरशीवर वाळू पडली आणि तिच्यात शिंपल्यांचे दोन-तीन बारीक तुकडे निघाले. ते किनाऱ्यावरचे की तटावरचे, हे काही मला ओळखता आले नाही.