हात न लावल्याची चिठ्ठी

मालिश करणाऱ्यांच्या संघटनेची सभासद व्हायचं मी ठरवलं ते घरमालकामुळे. कळव्यात भाड्याचं घर बघितलं होतं, करारापर्यंत आलं होतं. एजंटने फॉर्म भरता भरता विचारलं, "ताई, काम काय लिहू?" म्हटलं, "मसाज थेरपिस्ट. घरोघरी जाऊन सेशन देते." त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती ओळ रिकामीच सोडली. दुसऱ्या दिवशी घरमालकाकडे अचानक गावचे पाहुणे राहायला येणार होते.

राग आला, नवल नाही वाटलं. 'मसाज पार्लरच्या नावाखाली' अशी सुरुवात असलेली बातमी पेपरात अधूनमधून असतेच, आणि खाली 1956 च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याची कलमं. वाशीच्या ज्या स्पामध्ये मी आधी कामाला होते तिथे सगळं सरळ होतं. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर छापा पडला, तेव्हा आमचीही नावं-पत्ते लिहून नेले. तेव्हापासून माझ्या मामाने मला 'ब्युटी पार्लरवाली' करून टाकलंय. लग्नाकार्यात तीच ओळख करून देतो. मीही दुरुस्त करत नाही, पंगतीत कोण वाद घालत बसणार.

बरं, कागद दाखवायचा म्हटला तर कोणता? फिजिओथेरपिस्टांना राज्याची परिषद आहे, 2021 मध्ये केंद्राने त्यांच्यासह बऱ्याच आरोग्य व्यवसायांसाठी वेगळा कायदाही केला. मालिश करणाऱ्यांचं असं कुठे रजिस्टर नाही. कौशल्य विकासातला स्पा थेरपिस्टचा कोर्स मी केलाय, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलंय. ई-श्रमचं कार्डही काढलंय. त्यावरून मी असंघटित कामगार आहे एवढं कळतं, ते मला आधीच ठाऊक होतं.

स्पामधल्या एका जुन्या मैत्रिणीने चरईतल्या संघटनेचं सांगितलं. मालिश करणाऱ्यांनीच काढलेली. संस्था नोंदवायला निदान सात माणसं लागतात, 1860 चा कायदा आहे तसा, आणि ती सात जमवायलाच त्यांना दोन वर्षं लागली म्हणे. कोणाला नाव बाहेर यायला नको, कोणाच्या सासरी माहीत नाही, कोणी म्हणे स्पाचा मालक काढून टाकेल. शेवटी धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झाली. ऑफिस म्हणजे एका जुन्या व्यायामशाळेच्या मागची खोली. बाहेर डंबेल्स आपटल्याचा आवाज आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्या.

मला गळ्यात घालायला कार्ड हवं होतं, स्पष्टच सांगते. घरमालक, सोसायटीचा वॉचमन, कोणीही विचारलं की पुढे करायचं.

फॉर्मसोबत मुलाखत होती. समोर तिघं जण, बोलत होते ते फक्त अण्णा. सत्तरीचे असतील. उभा जन्म तालमीत पैलवानांची अंगं रगडण्यात गेलेला, मनगटं अजून जाडजूड. सर्टिफिकेट त्यांनी बघितलं न बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"कोणाला हात लावणार नाहीस, ते सांग."

मी तयारी केली होती ती स्वीडिश, डीप टिश्यू, अभ्यंग या मालिशच्या प्रकारांची. क्षणभर गडबडले. मग कोर्समधलं आठवत गेलं: अंगात ताप असेल तर नाही, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, ताजं हाड मोडलेलं, फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नाही, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही.

"आणि पाय?"

"एकच पाय सुजला असेल, गरम लागत असेल, तर नाही. शिरेत गुठळी असू शकते. चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते."

"पाऊल मागे दुमडून बघशील का?"

"नाही. ती जुनी पद्धत. त्यावर भरवसा ठेवू नका असं शिकवलंय."

अण्णांनी बाजूच्या बाईंकडे बघितलं, त्यांनी सही केली. वर्षाची वर्गणी भरली, आचारसंहितेच्या कागदावर मी सही केली: खोलीला आतून कडी लावायची नाही, जिथे काम चालू आहे तेवढाच भाग उघडा, बाकी अंगावर चादर, प्रत्येक क्लायंटची माहिती आधी लिहून घ्यायची, वगैरे. कार्डाचं विचारलं तर म्हणाले, छपाईला गेलंय. त्याऐवजी हातात दोन पॅड दिली. एक माहितीच्या फॉर्मचं. दुसरं पातळ, कार्बन घातलेलं, वर ठळक अक्षरात 'आज मालिश केली नाही'. खाली तीन रकाने: काय दिसलं, काय सांगितलं, कोणाकडे पाठवलं. आणि अगदी तळाला बारीक टायपात, 'रोगाचे नाव लिहू नये.'

"हे लायसन्स नाही हं," अण्णा म्हणाले. "पोलीस आले तर हे दाखवून सुटशील असं समजू नकोस."

कार्ड घ्यायला गेले होते आणि नकाराचं पुस्तक घेऊन आले, या विचाराने जराशी खट्टूच होऊन मी तिथून निघाले. दुपारी नौपाड्यात काकूंकडे वेळ ठरलेली होती.

या काकू माझ्या जुन्या. जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहतात, दार उघडलं की खोबरेल आणि उदबत्तीचा वास. सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला होत्या, नुकत्याच परत आल्या होत्या. फोनवरच म्हणाल्या होत्या, "पाय नुसता दगड झालाय गं, लवकर ये."

त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, नारायण तेलाची बाटली गरम पाण्याच्या वाटीत आधीच ठेवलेली. मी माहितीचा फॉर्म काढला तर खूश झाल्या. मुलीने तिकडे त्यांना मसाजला नेलं होतं, तिथेही आधी चार पानी फॉर्म भरून घेतला होता. "आणि भिंतीवर लायसन्स, फ्रेम करून! डॉक्टरसारखं." तिकडे राज्याचं लायसन्स वेगळं आणि संघटना वेगळी. अमेरिकन मसाज थेरपी असोसिएशन 1943 पासून आहे, सभासदाला ती विमाही देते. हे मला सकाळीच त्या सही करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, त्यामुळे मी मोठ्या माहितगारासारखी मान डोलावली.

"विमानात पाय कधीपासून दुखायला लागला?"

"विमानात नाही. पंधरा तास बसून आले, कंबर तेवढी अवघडली होती. घरी आल्यावर दोन दिवसांनी जिना उतरताना मागे काहीतरी चटकन झालं. मग हे असं."

साडी गुडघ्यापर्यंत घेतली. उजवी पोटरी ओळखीची, सैल, सुरकुतलेली. डावी ताणलेली, त्वचा चकचकीत. हाताची मागची बाजू आधी उजव्या पायाला लावली, मग डाव्या. डावा गरम होता. पिशवीत मापाची टेप असते माझ्या, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्हीकडे मोजलं. उजवीकडे 33, डावीकडे 37. तीन सेंटिमीटरच्या वर फरक असला की डॉक्टर मंडळी ती गोष्ट गंभीरपणे घेतात, एवढं मला माहीत होतं. बोटाने दाबलं नाही. टेप गुंडाळली आणि साडी खाली केली.

"काकू, आज मालिश नाही. आधी डॉक्टरांना दाखवायचं, आजच."

आता हे बोलणं सोपं वाटतं. आमच्या धंद्यात या जागी एक ठरलेली पळवाट आहे, 'हलक्या हाताने करते'. समोरच्याला वाईट वाटत नाही, रिक्षाचे पैसे सुटतात, पुढची वेळही हातची जात नाही. सगळे जण वापरतात ही पळवाट, आणि क्लायंटही तीच सुचवतात. काकूंनी लगेच सुचवलीच. "अगं तेल तरी लाव नुसतं. नाहीतर पाय राहू दे, मान दाब."

तेवढ्यात मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला, कानावरचा हेडफोन गळ्यात. घरूनच काम करतो. "काय झालं? आईला थंडीने क्रँप आलाय तिकडच्या. तुम्हाला त्यासाठीच बोलावलंय ना?"

मी सांगायला लागले तर मध्येच म्हणाला, "ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

एरवी इथे मी गप्प झाले असते. खरंच डॉक्टर नाही मी. पण मांडीवर पॅड होतं, तर मी लिहायलाच घेतलं. काय दिसलं: डावी पोटरी सुजलेली, उजवीपेक्षा गरम, माप 33 आणि 37, चार-पाच दिवसांपूर्वी लांबचा विमानप्रवास, जिन्यात अचानक कळ. काय सांगितलं: पाय चोळू नये, शेकू नये, आजच दाखवावे. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. कोणाकडे: फॅमिली डॉक्टर. 'गुठळी?' असं लिहायला हात शिवशिवत होता, प्रश्नचिन्हासकट. तळाची ओळ बघितली आणि पेन उचललं. सही केली, सभासद क्रमांक घातला. वरची प्रत फाडून मुलाच्या हातात दिली.

तो वाचत उभा राहिला. बोललेल्या गोष्टीवर माणूस वाद घालतो, लिहिलेल्यावर जरा थांबतो. शिवाय ज्याच्या हातात असा कागद येतो त्याच्यावर थोडी जबाबदारीही येऊन पडते, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "पैसे?" त्याने विचारलं. घेतले नाहीत. राम मारुती रोडवर येऊन सरबत प्यायले आणि मग माझे हात थरथरायला लागले.

त्या संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघून लगेच डॉपलरला, म्हणजे पायातल्या शिरांच्या सोनोग्राफीला पाठवलं. रात्री मुलाचा मेसेज: 'डॉपलर नॉर्मल. गुठळी वगैरे काही नाही. उगाच घाबरवलंत.'

मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच वेळी एक चांगली क्लायंट हातची गेली म्हणून हळहळलेही. दोन्ही एकदम होऊ शकतं.

दोन दिवसांनी काकूंचाच फोन आला. त्यांना सगळं साग्रसंगीत सांगायचं होतं. गुडघ्याच्या संधिवाताने मागच्या बाजूला पाण्याची पिशवी तयार झाली होती, डॉक्टर तिला बेकर्स सिस्ट म्हणतात. जिन्यात ती फुटली आणि पाणी पोटरीत उतरलं. घोट्याखाली आता चंद्रकोरीसारखा निळा डागही उमटला होता, तो त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हाताने कोणालाच ओळखता येत नाही, म्हणून तर डॉपलर करतात. गुठळी समजून रक्त पातळ करायची औषधं दिली असती तर आत रक्तस्राव वाढला असता, आणि खरंच गुठळी असती अन् कोणी पाय रगडला असता तर ते वेगळंच. "आणि त्यांनी विचारलं हो, चिठ्ठी कोणी लिहिली म्हणून. मी म्हटलं, आमची मालिशवाली."

महिन्याच्या बैठकीत अण्णांनी कार्बनची प्रत मागून घेतली आणि नाव झाकून सगळ्यांना वाचून दाखवली. रिपोर्टचंही सांगितलं. कोपरखैरण्याचा एक मुलगा आहे, फुटबॉल खेळणाऱ्यांचे पाय बघतो, चुणचुणीत. तो म्हणाला, "म्हणजे चिठ्ठी चुकली ना अण्णा? गुठळी निघाली कुठे?"

"चिठ्ठीत गुठळी आहे का? वाच परत."

त्याने वाचली. सूज, गरम, 33, 37, प्रवास, कळ.

"यातलं काय चुकलं?"

मुलगा डोकं खाजवत बसला. मागून एक ताई, ठाण्यात बाळंतिणींची आणि बाळांची मालिश करतात, त्यांनी विचारलं की बाळाचं अंग पिवळं दिसलं तर चिठ्ठीत कावीळ लिहायची की नाही. अण्णा म्हणाले, पिवळं दिसलं असं लिहायचं, डोळ्यांचा पांढरा भाग कसा दिसला तेही लिहायचं. मग त्यावरच तासभर चर्चा चालली आणि चहा थंड झाला. विम्याचा विषय नेहमीसारखा पुढच्या बैठकीवर गेला. त्यावर मी दोनदा बोलले आहे, आणखीही बोलणार आहे. वर्गणी घेतात तर तेवढं झालंच पाहिजे.

काकूंकडे मी परत जाते. त्यांच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं पत्र फॉर्मला टाचलेलं आहे: मान, पाठ, खांदे चालतील, डाव्या गुडघ्यामागे आणि पोटरीवर तूर्त दाब नको. काकूंना हे पत्र मुळीच मान्य नाही. दर वेळी पाठ झाली की नारायण तेलाची बाटली पुढे करतात आणि हळूच डावा पाय चादरीबाहेर काढतात. मी चादर परत ओढते. मुलगा आतून ओरडतो, "आई, चिठ्ठी लिहितील हं त्या."