तुम्ही विचारलेत म्हणून: गर्दीत मला राग कशाचा येतो

बसने किंवा रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या माणसाने सहप्रवाशांच्या वागण्याविषयी तक्रार केली, की त्याला हमखास एक प्रश्न विचारला जातो आणि मलाही तो वारंवार विचारला जातो. गर्दीच्या वेळी हे चालायचेच, सगळेच दमलेले असतात, सगळ्यांनाच घाई असते, मग तुम्ही हे एवढे मनाला का लावून घेता? हा प्रश्न विचारणाऱ्यांत सहकारी असतात, नातेवाईक असतात आणि माझ्यासारखेच रोज उभ्याने प्रवास करणारेही असतात. या शेवटच्यांनी विचारले की मला अधिक वाईट वाटते, कारण आपल्याला होणारा त्रास हा त्रासच नाही, असे त्यांनी स्वतःला पटवून दिलेले असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले.

गर्दीचा मला राग येत नाही. गर्दी कोणी एकटा माणूस करत नाही. कामाच्या वेळा सगळ्यांच्या सारख्या आणि वाहनांची संख्या मर्यादित, अशा स्थितीत ती होते आणि तिच्यात जेवढी इतरांची भर असते तेवढीच माझीही असते. उभ्या प्रवाशांचा हिशेब मांडताना वाहतूक नियोजक साधारणपणे एका चौरस मीटरमध्ये चार माणसे धरतात आणि अतिशय दाटीच्या वेळी सहा किंवा त्याहूनही अधिक. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1960 च्या दशकात माणसामाणसांतील अंतरांचा अभ्यास करून असे मांडले, की साधारण 45 सेंटिमीटरच्या आतले अंतर आपण केवळ अगदी जवळच्या माणसांसाठी राखून ठेवतो. भरलेल्या डब्यात हे अंतर प्रत्येकजण अनोळखी माणसाला देऊन टाकतो. ही मोठी देणगी आहे आणि ती देताना आपण नकळत काही गोष्टी पाळतो. नजर दुसरीकडे वळवतो, कोपर अंगाशी घेतो, खोकला आला तर तोंड फिरवतो. डब्यातील बहुसंख्य माणसे हे रोज, कोणीही न सांगता करतात आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. माझा राग त्यांच्यावर आहे, जे इतरांनी आवरून धरलेली ही जागा मोकळीच पडली आहे असे समजून स्वतःसाठी वापरतात.

हा केवळ माझ्या स्वभावाचा भाग नाही. गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर या संशोधकांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने कामावर जाणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास केला आणि तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवाशांच्या लाळेतील ताणाशी संबंधित संप्रेरक, त्यांची मनःस्थिती आणि प्रवासानंतर एखाद्या कामात टिकून राहण्याची क्षमता अशा वेगवेगळ्या अंगांनी त्यांनी ताण मोजला. संपूर्ण डबा किती भरलेला आहे याचा ताणाशी फारसा संबंध आढळला नाही, पण प्रवासी बसलेल्या रांगेत त्याच्या अगदी शेजारी किती दाटी आहे याचा स्पष्ट संबंध आढळला. मला या निष्कर्षात माझ्या रोजच्या अनुभवाला आधार सापडतो. डब्यात किती माणसे आहेत हे मला प्रवास संपल्यावर आठवतही नाही. माझ्या खांद्याला लागून उभा असलेला माणूस कसा वागला, हे मात्र कामाला बसल्यावरही मनातून जात नाही.

सर्वांत आधी दाराविषयी सांगते, कारण त्याचे परिणाम सर्वांत दूरवर जातात आणि नेमके तेच कोणाला दिसत नाहीत. आत जागा असताना दारात थांबून राहणारा माणूस, उतरणाऱ्यांना उतरू न देता आत घुसणारे लोक आणि दार बंद होत असताना त्यात हात किंवा पिशवी अडकवून ते पुन्हा उघडायला लावणारा प्रवासी, हे तिघेही आपण फक्त काही क्षण घेतले असे समजतात. पण वाहन थांब्यावर किती वेळ उभे राहील हे बहुतेकदा चढ-उतारालाच किती वेळ लागतो यावर ठरते. एखादी बस थोडीशी मागे पडली, की पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात अधिक माणसे जमतात. त्यांना चढायला अधिक वेळ लागतो, म्हणून बस आणखी मागे पडते. तिच्या मागून येणाऱ्या बसला मात्र थांब्यावर माणसेच कमी मिळतात, त्यामुळे ती भराभर पुढे येते आणि शेवटी पहिलीला येऊन मिळते. बराच वेळ एकही बस नाही आणि मग दोन बस एकदम, त्यांतली पहिली खच्चून भरलेली आणि दुसरी जवळजवळ रिकामी, हा प्रकार आपण सर्वांनी पाहिला आहे. गॉर्डन न्यूएल आणि रेनफ्री पॉट्स यांनी 1964 मध्येच त्याचे गणिती स्पष्टीकरण मांडले. पहिला उशीर वाहतुकीच्या कोंडीमुळे होऊ शकतो किंवा सिग्नलमुळेही, आणि प्रत्येक वेळी दोष प्रवाशांचाच असतो असे मी म्हणणार नाही. पण दारात गेलेले क्षण त्या एका माणसाचे नसतात. ते वाहनातल्या प्रत्येकाचे असतात आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर ताटकळणाऱ्यांचेही असतात. त्यांत कोणाची दुसरी गाडी चुकते, कोणाला पाळणाघरात पोहोचायला उशीर होतो, कोणाचा हजेरीचा शेरा लाल होतो.

दारात उभ्या राहणाऱ्यांचे मी बराच काळ निरीक्षण केले आहे आणि त्यातून माझे एक मत झाले आहे. त्यांच्यापैकी पुष्कळजण उद्दाम नसतात. ते घाबरलेले असतात. आत गेलो तर आपल्या थांब्यावर आपल्याला बाहेर पडू देणार नाहीत, ही त्यांची भीती असते आणि ती निराधार नाही, कारण त्यांच्यासारखेच दुसरे कोणी पुढच्या दारात उभे असते. पाठीवरची सॅक न काढणाऱ्याचेही तसेच. ती काढून पायाशी ठेवली तर कोणी तुडवेल किंवा पळवेल असे त्याला वाटते, म्हणून ती पाठीवरच राहते आणि वळताना प्रत्येक वेळी कोणाच्या तरी तोंडावर आपटते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या संभाव्य बेफिकिरीपासून आधीच स्वतःचा बचाव करून ठेवतो आणि त्या बचावातूनच नवी बेफिकिरी तयार होते. हे लक्षात आल्यापासून माझा त्यांच्यावरचा राग कमी झाला, पण ते चालवून घ्यावे असे मात्र मला अजिबात वाटत नाही.

शेजारच्या आसनावर पिशवी ठेवून खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्यांना असे कोणतेही भय नसते. पाय पसरून दीड माणसाची जागा व्यापणाऱ्यांनाही नसते. या दुसऱ्या सवयीविरुद्ध माद्रिदच्या बससेवेने 2017 मध्ये गाड्यांमध्ये सूचनाचित्रे लावली. अशी चित्रे लावावी लागतात, यावरूनच हा त्रास किती ठिकाणी सारखा आहे ते कळते.

आवाजाविषयी मात्र मला अधिक सांगायचे आहे. हेडफोन न लावता मोबाईलवर चित्रफिती पाहणाऱ्याला कोणी हटकले, तर तो आवाज कमी करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढवतो. त्याच्या दृष्टीने तो आवाज लहान असतो. पण नजर वळवता येते, तोंड फिरवता येते, कान मात्र बंद करता येत नाहीत आणि चालत्या गाडीतून उठून जाताही येत नाही. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्यांचा त्रास याहून वेगळा आहे. शेजारी दोघेजण आपसांत गप्पा मारत असतील तर मी वाचू शकते, पण एकजण फोनवर बोलत असेल तर एक ओळही पुढे सरकत नाही, असे का होते याचे मला कुतूहल होते. लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याचे उत्तर मिळाले. लक्ष लागण्याची गरज असलेली कामे करताना लोकांना संभाषणाची एकच बाजू ऐकवली, तेव्हा त्यांची कामगिरी घसरली. दोन्ही बाजू ऐकवल्या तेव्हा तशी घसरली नाही. अर्ध्या संभाषणात पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे आपली इच्छा असो वा नसो, मन ती रिकामी जागा भरण्याच्या मागे लागते. म्हणजे ‘तुम्ही लक्षच देऊ नका’ हा मला दिला जाणारा सल्ला पाळण्याजोगा नाही. अनोळखी माणसाचे आजारपण, त्याची उसनवारी, त्याच्या घरातला वाद हे सारे मला ऐकावे लागते. त्यात माझा अवमान आहेच, पण फोनच्या पलीकडे असलेल्या आणि आपले खासगी बोलणे डबाभर पोहोचते आहे याची कल्पनाही नसलेल्या माणसाचा अवमान अधिक आहे.

स्पर्शाचा गैरफायदा घेणाऱ्यांना मी या यादीत मुद्दाम धरलेले नाही. तो गुन्हा आहे, बेफिकिरी नव्हे, आणि ‘गर्दीत धक्का लागतोच’ या वाक्याआड त्याला लपू देऊ नये असे मला ठामपणे वाटते.

आता जागेविषयी. गरोदर स्त्री, काठी टेकत आलेले आजोबा, कडेवर मूल घेतलेला बाप समोर उभा असताना बसलेल्यांचे डोळे अचानक मिटतात, याची तक्रार सगळेच करतात. मला त्यांची काळजी अधिक वाटते, ज्यांचे दुखणे दिसत नाही. गुडघ्याचे, पाठीचे, हृदयाचे आजार चेहऱ्यावर लिहिलेले नसतात आणि अशा माणसाने जागा मागितली तर लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. लंडनच्या वाहतूक यंत्रणेने अशांसाठी 2017 मध्ये ‘कृपया मला बसायला जागा द्या’ अशा अर्थाचा बिल्ला सुरू केला, म्हणजे प्रत्येक वेळी स्वतःच्या आजाराची कहाणी सांगावी लागू नये. हा उपाय मला फार समंजस वाटतो.

तरी मागणे अवघडच असते आणि किती अवघड याची नोंद आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांनी 1970 च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले आणि बसलेल्या धडधाकट प्रवाशांना, कोणतेही कारण न देता, जागा मागायला सांगितले. विचारलेल्यांपैकी सुमारे 68 टक्के प्रवाशांनी जागा दिली किंवा सरकून बसायला वाव केला. विद्यार्थ्यांना मात्र विचारणेच अत्यंत जड गेले. स्वतः मिलग्राम यांनी प्रयत्न केला तेव्हा त्यांच्याही घशात शब्द अडकले आणि जागा मिळाल्यावर आपली मागणी रास्त ठरावी म्हणून आपण आजारी दिसले पाहिजे असे त्यांना वाटू लागले. इतक्या प्रवाशांनी जागा देण्यामागे अनपेक्षित प्रश्नाने गोंधळून जाण्याचाही भाग होता, कारण मागणीची आधी चाहूल लागलेल्यांत हे प्रमाण बरेच उतरले. तरीही मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. समोरचा नकारच देईल, हा आपला अंदाज बहुतेकदा चुकीचा असतो.

म्हणून मी बोलते. गप्प बसल्याने समोरच्याला कळत नाही आणि आपल्या मनात मात्र साचत जाते. ‘लोकांना काही समजतच नाही’ असे हवेत बोलणारे आणि ‘शिस्त नाही’ म्हणून डबाभर सुनावणारे मला पटत नाहीत, कारण त्यातून समोरच्याला करण्यासारखे काहीच मिळत नाही, केवळ अपमान पदरात पडतो आणि मग तो हट्टाने तसाच वागतो. मी त्या एका माणसाकडे पाहून, हळू आवाजात, त्याला लगेच करता येईल एवढेच मागते. ‘सॅक जरा पुढे घेता का?’ ‘आवाज थोडा कमी कराल का?’ ‘पिशवी मांडीवर घेता का, मला बसायचे आहे.’ बहुतेक माणसे पटकन ऐकतात आणि काहीजण तर आपल्या लक्षातच आले नाही असे म्हणतात, ज्यावर मी विश्वास ठेवते. दारात अडून राहणाऱ्याला ‘आत सरका’ एवढे म्हणून भागत नाही, कारण त्याची भीती तशीच राहते. त्याला मी विचारते, ‘तुम्हाला कुठे उतरायचे आहे? तुम्ही आत या, तुमचा थांबा आला की मी बाजूला होऊन वाट करून देईन.’ असे म्हटल्यावर आत न सरकलेला माणूस क्वचितच भेटला आहे, आणि त्याचा थांबा आल्यावर दिलेला शब्द पाळणे हे माझे काम.

काहीजण ऐकत नाहीत, उलट बोलतात. तिथे मी वाद वाढवत नाही. एकट्या प्रवाशाने रात्रीच्या गाडीत कोणाला हटकावे, असा सल्लाही मी कोणाला देणार नाही. त्यासाठी वाहक असतात, सुरक्षा कर्मचारी असतात, मदतीचे क्रमांक असतात आणि ते तत्परतेने उपलब्ध असणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे. तसेच पुरेशी वाहने चालवणे, ती वेळेवर सोडणे, दारे आणि मोकळी जागा नीट आखणे हेही यंत्रणेचेच काम आहे आणि प्रवाशांच्या शिस्तीची पाटी लावून ते टाळता येणार नाही. तुम्ही प्रश्न विचारताना या दोन्ही गोष्टी ‘चालायचेच’ या एकाच शब्दात बसवता, तिथे माझा तुमच्याशी मतभेद आहे. गाड्या वाढवा, ही मागणी मी अर्जात लिहून देते आणि तिच्या उत्तरासाठी वाट पाहायची माझी तयारी आहे. शेजारच्या माणसाने सॅक पाठीवरून काढावी, यासाठी मात्र पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.