टेस्ट आली, मग उत्तर चुकलं कसं?

सेंद्रिय रसायनाचं प्रॅक्टिकल संपलं की हा प्रश्न ठरलेला. टेस्ट आली, म्हणजे हवा तो रंग किंवा साका दिसला, तरी पदार्थ भलताच निघाला. विचारणाऱ्याच्या हातात परीक्षानळी तशीच असते, पुरावा म्हणून. तुम्हीही विचारलंत, म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

शिकत असताना मला एक पांढरी पूड ओळखायची होती. फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले आणि असा झकास जांभळा रंग आला की मी वहीत 'फिनॉल' लिहून मोकळी झाले. ते होतं सॅलिसिलिक आम्ल. साधं फिनॉल ४१ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि माझ्याच वहीत वरच्या ओळीत द्रवणांक १५९ लिहिलेला होता! टेस्ट खोटं बोलली नव्हती. सॅलिसिलिक आम्लात फिनॉलचा ओएच गट असतोच. शेजारच्या कार्बोक्झिल गटाबद्दल, म्हणजे सेंद्रिय आम्लांच्या नेहमीच्या गटाबद्दल, मी तिला काही विचारलंच नव्हतं. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात चिमूटभर पूड टाकली असती, तर फसफसून लगेच कळलं असतं.

अर्थात बायकार्बोनेटवरही डोळे मिटून विसंबू नका. पिक्रिक आम्ल हेही मुळात फिनॉलच, त्यात कार्बोक्झिल गट औषधालाही नाही, तरी ते फसफसतं, कारण तीन नायट्रो गटांनी त्या फिनॉलला कमालीचं आम्लधर्मी करून ठेवलंय. बायकार्बोनेटला गट दिसत नाही, आम्लाचा जोर तेवढा जाणवतो.

अल्डिहाइड गट ओळखायला वापरतात त्या फेलिंगच्या निळ्या द्रावणाचंही तसंच. त्यातल्या कॉपरला समोरून इलेक्ट्रॉन मिळाले की विटकरी साका पडतो. देणारा कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फ्रुक्टोज हे कीटोन, पण अल्कलीमध्ये त्याचा काही भाग ग्लुकोज आणि मॅनोज होतो, म्हणून तेही साका देतं. उलट बेंझाल्डिहाइड! नावातच अल्डिहाइड, तरी फेलिंगचं द्रावण निळंच राहतं. तेच बेंझाल्डिहाइड टॉलेन्सच्या द्रावणात मात्र चांदी पाडतं, नळीला आतून आरसा चढतो. चांदीच्या संयुगाचं हे द्रावणही अल्डिहाइड ओळखायलाच वापरतात. म्हणून मला या दोन टेस्ट जोडीनं केलेल्या आवडतात. टॉलेन्स आली आणि फेलिंग आली नाही, की अॅरोमॅटिक, म्हणजे बेंझाल्डिहाइडसारख्या बेंझिनचं कडं असलेल्या, अल्डिहाइडचा संशय घ्यायचा. 'आली नाही' हेही वहीत लिहायचं असतं. मुलं नेमकं तेच गाळतात.

टॉलेन्सवरून आठवलं. "आरसा आला नाही, काळं पडलं" अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. तो काळा साकाही चांदीचाच. काच तेलकट राहिली असेल, म्हणून चांदी तिला धरून बसली नाही. टेस्ट आलेली आहे, लिहून टाका.

ती नळी मात्र पुरावा म्हणून उद्यापर्यंत जपू नका. टॉलेन्सचं द्रावण ठेवून दिलं तर त्यात चांदीची स्फोटक संयुगं तयार होतात. मला दाखवा आणि लगेच त्यात विरल नायट्रिक आम्ल घाला.