सातेरीच्या नोंदी: शेवग्यापासून हस्तापर्यंत

सध्या परसात मधमाश्यांच्या तीन वसाहती आहेत. एक जुनी, सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, सुट्या चौकटींच्या न्यूटन पेटीतली. दुसरीही सातेरीच, यंदाच्या फाल्गुनात आणलेली, पण चौकटींऐवजी नुसत्या लाकडी पट्ट्यांच्या पेटीत ठेवलेली. तिसरी पोयाच्या, म्हणजे बिनडंखाच्या माश्यांची, जाड बांबूच्या कांडात. घर पाषाणला, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर लावलेलं गिरिपुष्प माघ-फाल्गुनात पानं गाळून गुलाबी फुलांनी भरतं, त्याआधी आजूबाजूच्या बंगल्यांतले शेवगे फुललेले असतात, पुढे करंज, कडुनिंब, जांभूळ आणि रस्त्याकडेचा सोनमोहोर. शहरात असूनही इथे माश्यांना खायला कमी नाही, फक्त ते वर्षभर सारखं नाही.

नैसर्गिक पद्धतीने मधमाश्या पाळण्यावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड मुलखातलं असतं. तिथे सगळी चिंता हिवाळ्याची: किती मध मागे ठेवायचा, पेटीला ऊब कशी द्यायची, बर्फात माश्या कशा तगतील. पुण्यात हिवाळा म्हणजे माश्यांची सुगी. आपल्याकडचा उपासाचा काळ मृगापासून गणपतीपर्यंतचा. फुलं भिजलेली, मकरंद धुपून गेलेला, माश्या दिवसचे दिवस घरात अडकलेल्या. म्हणून मध कधी काढायचा, किती ठेवायचा, पेटी कधी उघडायची, ही सगळी गणितं मी पावसाळ्यावरून उलटी मांडत येते. यंदाच्या नोंदीही त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

फाल्गुन: मीटरच्या खोक्यातली वसाहत

सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा झाला होता. जिन्याखालच्या जुन्या मीटरच्या लाकडी खोक्यात सातेरी नांदत होती. वाडा पाडायच्या आत ती हलवायची होती. वीज तोडलेली होती, त्यामुळे काम सोपं झालं. बरोबर माझा मावसभाऊ होता.

खोक्याचं दार उघडलं तर आत एकाला एक समांतर अशी सात पोळी. बाहेरच्या दोन पोळ्यांत मध, मधल्यांत पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांची घरं, आणि पिलाव्याच्या वरच्या कडेला परागाचा पट्टा, पिवळा, केशरी आणि गिरिपुष्पाचा फिकट. हे नुसतं बघायलाही थांबावंसं वाटतं.

पोळी कापताना दोन गोष्टी पाळायच्या. पहिली म्हणजे पोळ्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण पोळ्यातली घरं किंचित वर कललेली असतात. पोळं उलटं बांधलं तर घरांचा कल उलटा होतो आणि त्यातला मकरंद सांडू लागतो. दुसरी, पिलाव्याचंच पोळं पेटीत लावायचं. मधाचं कापलेलं पोळं नव्या पेटीत गेलं की मध गळतो, माश्या चिकटून मरतात आणि रात्रीपर्यंत मुंग्यांची रांग लागते. पिलाव्याचा प्रत्येक तुकडा पट्टीच्या खालच्या बाजूला टेकवून केळीच्या ओल्या सोपटाने बांधला. दोरा किंवा रबर चालतं, पण सोपट मऊ असतं, पोळ्यात रुतत नाही, आणि पोळं पट्टीला पक्कं जोडून झालं की माश्या ते स्वतःच कुरतडून दाराबाहेर टाकतात. आठवड्याभरात पेटीखाली सोपटाचे धागे पडलेले दिसले, तेव्हाच कळलं की जोडणी झाली.

राणी चौथ्या पोळ्यावर सापडली. काळसर, लांब पोटाची, गर्दीत शांतपणे चालणारी. ती पेटीत गेल्यावर बाकीच्या माश्या दारात पोटाचं टोक वर करून पंख हलवायला लागल्या आणि उरलेला घोळका त्या वासाच्या मागोमाग आत गेला. अंधार पडेपर्यंत थांबलो, बाहेर गेलेल्या सगळ्या परत आल्या, मग दार जाळीने बंद करून पेटी पाषाणला आणली. पेठेपासून अंतर भरपूर असल्यामुळे जुन्या जागी परत जायची भीती नव्हती. सातेरीचा खरा धोका वेगळाच: तिला घर पटलं नाही तर ती सरळ निघून जाते. म्हणून दाराला सुरुवातीला अशी जाळी लावली की कामकरी माशी जाईल पण राणी अडेल. माश्या पायांवर पराग घेऊन आत जाऊ लागल्या, म्हणजे आत पिलांना भरवणं सुरू झालं, की जाळी काढून टाकायची. ती फार दिवस ठेवू नये. नरांनाही त्यातून जाता येत नाही.

पेटी सुतारकाकांनी जुन्या बाजारातल्या सागवानी दाराच्या फळ्यांतून केली आहे. पट्टीची रुंदी 30 मिलिमीटर. मेलीफेरासाठीची, म्हणजे युरोपीय मधमाशीसाठीची, 35 मिलिमीटरची मापं सातेरीला देऊ नयेत, ती पोळी जवळजवळ बांधते आणि रुंद पट्ट्यांवर तिची पोळी वाकडी जाऊन एकमेकांत गुंततात. तेच मेणपत्र्याचं, म्हणजे घरांचे ठसे उमटवलेल्या मेणाच्या पातळ पत्र्याचं. बाजारातला मेलीफेराचा मेणपत्रा मोठ्या घरांचा असतो, सातेरीची घरं लहान. मी कुठलाच पत्रा देत नाही, पट्टीच्या मधोमध मेणाची एक बारीक रेघ ओढते, तेवढं पुरतं. पेटीला आतून काही लावलं नाही. बाहेरून जवसाचं तेल आणि थोडं मेण गरम करून चोळलं.

लांबून वसाहती विकत आणून देणारे पुष्कळ आहेत. मी घेत नाही. 1991-92 मध्ये थाय सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. असले रोग पेट्यांबरोबर प्रवास करतात आणि त्यावर औषध नाही. आपल्या हवेत, आपल्या झाडांवर तगलेली, नाहीतरी पाडापाडीत मरणार असलेली वसाहत मिळते तर तीच घ्यावी.

चैत्र-वैशाख: ऊन आणि मध

एप्रिलच्या उन्हात दोन्ही सातेरींच्या दारात पंखे सुरू झाले, म्हणजे माश्या पंख हलवून पेटीत हवा खेळवू लागल्या. इथे एक बघण्यासारखी गोष्ट. मेलीफेराची माशी पंखा घालताना तोंड दाराकडे करते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी तोंड बाहेर करून उभी राहते आणि हवा आत ढकलते. दोन्ही जाती जवळ असतील तर दुपारी पाच मिनिटं बसून हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. पाण्यासाठी उथळ थाळीत खडे घालून ठेवले होते, सकाळी भरलेली थाळी तिसऱ्या प्रहरी कोरडी.

पट्ट्यांच्या पेटीत पोळ्याला चौकटीचा आधार नसतो. नवं पांढरं पोळं उन्हाळ्यात लोण्यासारखं मऊ होतं, ते आडवं केलं तर क्षणात तुटून हातात येतं. पट्टी नेहमी उभीच फिरवायची, आणि पेटी सकाळी आठच्या आतच उघडायची.

मध वैशाखाच्या शेवटी काढला, दोन्ही पेट्यांतून मिळून दीड किलोच्या आसपास. सातेरीचं वर्षाचं उत्पन्न पाच-दहा किलो सांगतात, ते डोंगरातल्या भरल्या वसाहतींचं आणि सगळं काढून घेतलं तर. मी फक्त कडेची, वरून मेणाने पूर्ण बंद झालेली पोळी घेतली. न्यूटन पेटीच्या वरच्या कप्प्यातल्या चौकटी हाताच्या यंत्रात फिरवून, रिकामी पोळी माश्यांना परत दिली. पट्ट्यांवरची पोळी मात्र कापून, चुरडून, मलमलीतून गाळावी लागली. पट्ट्यांची पेटी मला मनापासून आवडते, पण मधाच्या बाबतीत चौकट सरस आहे, हे मान्य करायला हवं. बांधलेलं पोळं परत मिळालं की माश्यांचे कष्ट वाचतात, आणि पावसाच्या तोंडावर ते फार मोलाचं असतं.

मे महिन्याची कोरडी हवा हा पुणेकरांचा फायदा. सातेरीचा मध मुळात पातळ. अन्नसुरक्षेच्या नियमांत मधातल्या पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे, आणि पावसाळी हवेत काढलेला सातेरीचा मध सहज त्याच्या वर जातो, मग आंबतो. वैशाखात, बंद घरांतून काढलेला आणि लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरलेला मध टिकला. यंदाचा रंग गडद, चवीला शेवटी जराशी कडवट धार. कडुनिंब आणि जांभूळ दोन्ही असणार.

मध आला की शेजारपाजारी पोचतोच. पलीकडच्या काकूंना नुकताच नातू झाला आहे.

"अगं, चमचाभर दे ना. बाळाला सोनं उगाळून चाटवायचंय, घरचा मध म्हणजे उत्तमच."

"काकू, तुमच्यासाठी बरणी ठेवलीय. पण बाळाला वर्षाचा होईपर्यंत नको."

"आम्ही सगळ्यांना दिलाय की!"

"शुद्ध मधातसुद्धा काही जंतूंची बीजं असू शकतात. आपल्याला काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ती वाढतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील."

काकूंनी विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. घरचा मध वाटणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट बरणीबरोबर सांगावी असं मला फार वाटतं. उकळल्यानेही ती बीजं जात नाहीत.

मेण, आणि जे सातेरी देत नाही ते

गाळून उरलेला चोथा आधी पाण्यात धुतला. ते गोड पाणी पोयांच्या कांडाजवळ ठेवायचं नाही, चोरीला आमंत्रण मिळतं. मग चोथा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात मंद तापवला. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, पाणी उकळू द्यायची गरज नाही. पुरचुंडी काठीने दाबत राहिलं की मेण वर तरंगतं, थंड झालं की वडी सुटून येते. वडीच्या खालच्या बाजूला राखाडी गाळ असतो, तो सुरीने खरवडून काढायचा. पिवळी, स्वच्छ, वासाची वडी हातात येते तेव्हा मधापेक्षा तिचंच अप्रूप जास्त वाटतं.

थोडं मेण रिकाम्या पेट्यांना आतून चोळायला राखून ठेवलं. उरलेल्यातून टाचांच्या भेगांसाठी मलम केलं: एक भाग मेण, दोन भाग भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल), दोन भाग तिळाचं तेल, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात विरघळवून डबीत ओतायचं. आईच्या टाचांना गुण आला.

प्रोपोलिसबद्दल, म्हणजे माश्या झाडांच्या राळेपासून करतात त्या चिकट पदार्थाबद्दल, स्पष्ट लिहायला हवं. सातेरी प्रोपोलिस गोळा करतच नाही. ती फटी मेणानेच बुजवते किंवा तशाच सोडते. त्यामुळे सातेरीचं प्रोपोलिस म्हणून जे विकतात ते घेऊ नये. राळ गोळा करतात त्या पोया. त्यांचं सगळं घर राळ आणि मेण एकत्र मळून बांधलेलं असतं, दाराची नळीसुद्धा. मध पोया पोळ्यात नाही, तर लहान लहान कुप्यांत साठवतात, आणि तो आंबटसर लागतो. बांबूचं कांड उभं चिरून दोन्ही भाग तारेने बांधले आहेत, त्यामुळे उघडता येतं. कांड भरलेलं आहे, पण यंदा एक थेंबही घेतला नाही. वर्षाकाठी जेमतेम वाटीभर मध करणाऱ्या माशीकडून पहिल्याच वर्षी काय घ्यायचं?

आषाढ-श्रावण

पेट्या उघडल्या नाहीत. पेटी मागून बोटभर उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा आणि दारात बसून बघायचं, एवढंच. पराग आत जातोय का, मेलेली पिलं बाहेर टाकलेली आहेत का, दाराशी मेणाचा भुगा आणि जाळीचे तंतू दिसतात का. शेवटचं दिसलं तर मेणकिडा शिरला असं समजावं. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, वर पत्र्याचं तिरकं छप्पर.

वाड्यातून आणलेली वसाहत श्रावणात हलकी लागली, तिला साखरेचा पाक दिला, साखर आणि पाणी समसमान, संध्याकाळी, पेटीच्या आत. काही जण नैसर्गिक पद्धतीत साखर अजिबात नको म्हणतात. मला ते पटत नाही. जिचा मधाचा साठा आपणच फाल्गुनात कापून बाजूला ठेवला, तिला पावसात उपाशी ठेवणं योग्य नाही. मात्र ज्या पेटीतून मध काढायचा आहे तिला मकरंदाच्या दिवसांत साखर कधीच देऊ नये, कारण मग पोळ्यात मध नाही, साखरेचा पाक असतो. जुन्या वसाहतीला काही द्यावं लागलं नाही. वैशाखात मागे ठेवलेली पोळी पुरली.

हस्त

पाऊस ओसरला आणि गांधीलमाश्या आल्या. मोठी गांधीलमाशी दारासमोर घिरट्या घालते आणि येणारी एखादी माशी हवेतच पकडते. सातेरी तिच्यावर एकएकटी धावून जात नाही. दारातल्या सगळ्या एकदम अंग थरथरवतात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाट सरकते, आणि बहुतेक वेळा गांधीलमाशी मागे हटते. परवा एक फारच जवळ आली. क्षणात तिच्यावर माश्यांचा गोळा झाला, बोराएवढा, घट्ट. आशियाई मधमाश्या अशा गोळ्यात अंग तापवून आतलं तापमान 46 अंशांच्या आसपास नेतात. तेवढी उष्णता गांधीलमाशीला सोसत नाही, माश्यांना सोसते. गोळा सुटला तेव्हा गांधीलमाशी खाली पडली. दार मात्र मी आता अर्ध्याने अरुंद केलं आहे, राखण करणाऱ्यांना सोपं जातं. थंडीत वेडे राघू तारेवर येऊन बसतील, त्यांना कधी हाकलत नाही.

पराग आता दोन्ही पेट्यांत भरभरून जातोय. ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी पेटी घेण्याआधी गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून घ्यावं. 1962 पासून ती आपल्याच शहरात आहे. त्याच वर्षी आजच्या हिमाचलातल्या नगरोटा बागवानला मेलीफेराचं बस्तान बसलं, आणि पुढे सातेरी मागे पडत गेली. म्हणूनही मला सातेरीच पाळायची असते.

माघात जुन्या पेटीत राणीघरं, म्हणजे नव्या राण्या वाढवायची घरं, दिसली तर मी ती तोडणार नाही आणि वसाहत हाताने विभागणारही नाही, तिला आपणहून फुटून नवं घर शोधू देणार. त्यासाठी मेण चोळलेली एक रिकामी पेटी टेकडीच्या बाजूच्या आंब्यावर, पुरुषभर उंचीच्या वर टांगायची आहे. सुतारकाकांना त्याच 30 मिलिमीटरच्या पट्ट्या आणखी करायला सांगितल्या आहेत, दिवाळीनंतर देतो म्हणाले.