शेजारच्या वाफ्याचा वाटा

आमच्या वावरात सोयाबीनचे वाण शेजारी-शेजारी पेरून पाहताना एक गोष्ट मला उशिराच उमगली: वाफ्यातून निघालेले उत्पन्न केवळ त्या वाणाचे नसते. उंच, पसरट वाणाच्या सावलीत बुटका वाण दबतो, आणि लवकर पिवळा पडणाऱ्या वाणाशेजारच्या ओळीला शेवटच्या दिवसांत मोकळा प्रकाश व ओल जास्त मिळते. सहा ओळींच्या वाफ्यात कडेच्या दोन ओळी म्हणजे एक-तृतीयांश पीक. म्हणून त्या सोडून केवळ आतल्या चार ओळींचे, तेही दोन्ही टोके वगळून, उत्पन्न मोजावे लागते.

जमिनीचा चढ-उतार हा मात्र वेगळा प्रश्न आहे. काळ्या मातीची खोली काही पावलांवर बदलते, तेव्हा शेजारचे वाफे एकमेकांशी स्पर्धा करत नसून एकाच मातीची साक्ष देत असतात. ग्रीक कृषिशास्त्रज्ञ पापाडाकिस यांनी 1937 मध्ये हीच साक्ष वापरली: शेजारचे वाफे आपापल्या वाणाच्या सरासरीहून किती वर-खाली आहेत, ते पाहून मधल्या वाफ्याचा आकडा दुरुस्त करायचा. सावलीची स्पर्धा तीव्र असेल तर मात्र ही दुरुस्ती उलटी पडू शकते, कारण तिथे शेजाऱ्याची भरभराट मधल्या वाफ्याचे नुकसान करूनच झालेली असते.