आखाजीहून परतलं की डीएनएस का झोपतो, ते सापडलं

सापडलं एकदाचं! दिवाळीनंतर एकदा आणि आता आखाजीनंतर (अक्षय्य तृतीया) पुन्हा माझ्या घरच्या कॉम्प्युटर-लॅबचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा, आडवा झाला होता. मागच्या वेळी केबलवाल्याला शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतो.

अमळनेरजवळ गावी नऊ दिवस होतो. निघताना जळगावच्या घराचा मेन स्विच पाडला. परतल्यावर वरच्या पत्र्याच्या खोलीत लॅब चालू केली. (दुपारी तिथं भट्टी असते, त्यामुळे सगळं काम रात्री अकरानंतर.) ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग जातंय, म्हणजे नेट आहे, पण अनबाउंड (माझा डीएनएस सर्व्हर) प्रत्येक नावाला सर्व्हफेल, म्हणजे 'जमलं नाही', देतोय. रूट की (सह्या तपासायची मूळ किल्ली) नव्याने आणली, कॅशे (साठवलेली उत्तरं) उडवला, जुनं कॉन्फिग परत टाकलं. ढिम्म. आई खालून दोनदा विचारून गेली, "काय व्हयनं रे?"

रात्री एकला सहज डिगला (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) प्लस सीडी लावलं, म्हणजे सह्या तपासूच नकोस. उत्तर टपकन आलं! म्हणजे गोची डीएनएससेकची, डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासण्याची. अनबाउंडचं व्हॅल-लॉग-लेव्हल २ केलं (तपासणी का फसली ते लॉगमध्ये लिहितो), तर लॉग म्हणतो, सहीची सुरुवातीची तारीख अजून उजाडलेलीच नाही. डेट कमांड मारली. आम्ही गावाला निघालो ती सकाळ!

अनबाउंड चालतो त्या रास्पबेरी पाय ४ वर (छोटा कॉम्प्युटर) सेलवर चालणारं घड्याळ नाही. त्याऐवजी फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा प्रोग्राम शेवटची जपलेली वेळ पुढे करतो, मधले दिवस त्याच्या गावीही नसतात. क्रॉनीने (नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) खरी वेळ आणावी, तर त्याच्या सर्व्हरचं नाव सोडवायला हाच अनबाउंड. नाव नाही म्हणून वेळ नाही, वेळ नाही म्हणून नाव नाही. मग एरवी चार-चार तास लाइट जाते तेव्हा काही कसं होत नाही? कारण सहीच्या मुदतीच्या दहा टक्के फरक अनबाउंड चालवून घेतो. कमीत कमी एक तास, जास्तीत जास्त एक दिवस. नऊ दिवस कुठून खपणार!

तूर्त अनबाउंडच्या डोमेन-इनसिक्युअरमध्ये एनटीपी.ऑर्ग (क्रॉनीच्या वेळ-सर्व्हरचं डोमेन) टाकलंय, म्हणजे तेवढ्या नावाच्या सह्या तो तपासत नाही. खात्रीसाठी क्रॉनी थांबवून तारीख मुद्दाम नऊ दिवस मागे नेली, अनबाउंड रीस्टार्ट केला आणि क्रॉनी सोडला. घड्याळ उडी मारून आजवर आलं, डिगमध्ये एडी झेंडा (सह्या तपासून बरोबर निघाल्याची खूण) झळकला. तीनदा करून पाहिलं, निव्वळ मजा म्हणून.

पक्का इलाज म्हणून पायला लावायचं डीएस३२३१, सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल, मागवणार होतो. ते निळं स्वस्त मॉड्यूल घेणाऱ्यांनो, त्यात सेल चार्ज करायचं सर्किट असतं. साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल बसवून ५ व्होल्ट देऊ नका, पायच्या ३.३ वरच चालवा.

पण हे लिहिता लिहिता सुचलं, कीआ (लॅबमधल्या मशीनना आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर) चालतो त्या जुन्या डेस्कटॉपच्या बोर्डवर सेल आहेच की! त्यालाच लॅबचा एनटीपी, म्हणजे वेळ सांगणारा सर्व्हर, करतो. त्याच्या क्रॉनीत अलाउ (इतरांना वेळ द्यायची परवानगी) आणि लोकल स्ट्रॅटम १० (नेट नसलं तरी स्वतःच्या घड्याळावरून वेळ देत राहा), बाकीच्यांना डीएचसीपीचं ऑप्शन ४२, जे एनटीपी सर्व्हरचा पत्ता कळवतं. अनबाउंडच्या पायला आयपी मी हाताने दिलाय, तिथं ४२ पोचणार नाही. त्या पायच्या क्रॉनीत डेस्कटॉपचा आयपी थेट लिहायचा, नाव नाहीच. मॉड्यूलची ऑर्डर थांबवली.

फक्त त्या डेस्कटॉपचं बायोस मागच्या वेळी २००९ साल दाखवत होतं. उद्या आधी सेल आणतो.