खडी काढली, तळं झालं

"या तळ्यात पाणी येतं कुठून?" शेजारी पाय बुडवून बसलेल्या आजोबांना विचारलं. जवळ ना ओढा, ना नदी.

ते म्हणाले, "येत नाही. इथेच होतं. आम्ही फक्त खडी काढली."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

व्हिएन्नाच्या दक्षिणेचा हा श्टाइनफेल्ड. वरून बघाल तर रखरखीत माळ. श्वार्त्सा नदीसुद्धा इथवर येता येता जमिनीत जिरते, पात्र कितीदा कोरडंठाक. पण खाली मिटर्नडोर्फचं खोरं आहे. भ्रंशांमुळे, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या भेगांमुळे, इथली जमीन खचत गेली (भूकंपाचे धक्के अजूनही बसतात) आणि हिमयुगात आल्प्समधून वाहत आलेली खडी त्या खळग्यात साठली. काही ठिकाणी हा थर १५० मीटरपर्यंत जाड! खडीच्या फटींत पाणी भरलेलं; युरोपातल्या मोठ्या भूजलसाठ्यांपैकी हा एक. खडी काढता काढता खाण त्या पाण्यापर्यंत पोचली की झालं तळं.

खडीतून पाणी झरझर मुरतं. पाण्याबरोबर जे असेल तेही मुरतं, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं. थेरेझिएनफेल्डजवळ अशाच एका रिकाम्या खाणीत १९७० नंतर औद्योगिक कचरा टाकला गेला, सॉल्व्हंटच्या (विरघळवणाऱ्या रसायनांच्या) पिंपांसकट. विष भूजलात उतरलं. तो कचरा उपसून काढायला नवं शतक उजाडलं.

खड्डा दिसला की त्यात काहीतरी टाकावंसंच का वाटतं माणसाला?